सारस नेमके काय खातो, हे कसे नोंदवावे

गोंदियाच्या धानपट्ट्यात सारस बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दिसला की तो धानच खातोय, असे धरून चालू नका. त्याच चिखलात बेडूक, गोगलगायी, किडे, पाणवनस्पतींचे कंद असतात आणि सारस हे सगळे खातो. नोंद गिळलेल्या घासाची करायची, उभ्या राहिलेल्या जागेची नाही.

दोघे जण हवेत: एक स्कोपला, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या दुर्बिणीला, डोळा लावणारा, दुसरा लिहिणारा. एकट्याने केले तर लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात घास निसटतो. 20 ते 60 पटीचा स्पॉटिंग स्कोप, तिपाई आणि स्टॉपवॉच घ्या. शेतकऱ्याला विचारून धुऱ्याआड (शेताच्या बांधाआड), निदान 150 मीटर लांब बसा. पहिली 10 मिनिटे काही लिहू नका. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडेच बघत असेल तर आणखी मागे सरा. पावसाळ्यात घरटे असलेल्या बांधीकडे फिरकूच नका. पक्षी उठला की अंडी कावळ्यांना उघडी पडतात.

एकाच पक्ष्यावर नजर ठेवून 10 मिनिटे बघा; हे एक सत्र. दर 30 सेकंदांनी तो काय करतोय ते लिहा: चरणे, चालणे, सावध उभे राहणे, पिसे साफ करणे. चोच मारली की रेघ, गिळले की गोल. मान वर झटकली म्हणजे घास आत गेला. चोच 16 ते 18 सेंटीमीटरची असते. घास तिच्या पाव, अर्धा की पूर्ण लांबीचा, एवढे टिपा. एकाच जागी चिखलात चोच खुपसून उकरत असेल तर बहुधा कंद. चालता चालता वरवर टिपत असेल तर किडे किंवा दाणे. लोंबी ओरबाडताना रोप हलते, ते लांबूनही कळते. ओळखू आले नाही तर सरळ ‘अनोळखी’ लिहा. हा रकाना फुगतोच, पण अंदाजाने भरलेला तक्ता त्याहून वाईट.

पक्षी उडून गेल्यावर खुणा केलेल्या काठीने 5 जागी पाण्याची खोली मोजा. पीक रोवणीचे, लोंबीतले की कापलेले, तेही लिहा.

विष्ठा तपासायची असेल तर आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवा. भुंग्यांचे कडक पंख उरतात, मऊ कंदांचा मागमूस राहत नाही. नुसत्या विष्ठेवर विसंबलात तर सारस किडेखाऊ ठरेल.

एकाच जोडीची 40 सत्रे म्हणजे 40 स्वतंत्र नोंदी नव्हेत. जोडीचा क्रमांक हाच तक्त्याचा पहिला रकाना ठेवा.