कुत्र्यांच्या मेंदूविकारांवर संशोधन करायचंय? तयारी अशी करा

वाट लांब आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा आणि पशुवैद्यकाची पदवी: साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात परळ (1886 पासूनचं कॉलेज), नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ असे पर्याय आहेत. पुढे एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) मेडिसिन किंवा सर्जरी घ्या आणि प्रबंधाचा विषय मात्र मेंदूचाच निवडा. स्पेशालिस्टची पदवी अमेरिकन किंवा युरोपियन कॉलेजची (इथे कॉलेज म्हणजे तज्ज्ञांची संस्था): एक वर्ष रोटेटिंग इंटर्नशिप (वेगवेगळ्या विभागांत फिरून), तीन वर्षं रेसिडेन्सी (तज्ज्ञांच्या हाताखाली प्रशिक्षण), मग परीक्षा.

पण खरी तयारी एमआरआयच्या खोलीत होत नाही, तपासणीच्या टेबलाजवळ होते. आजार कोणता हे नंतर. बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत की नसेत, हे आधी ठरवा. चाल बघा, पंजा उलटा टेकवून कुत्रा तो सरळ करतो का बघा, मग रिफ्लेक्स. नवशिके इथेच फसतात. बोट चिमटल्यावर पाय आखडला म्हणजे वेदना कळली, असं नाही. तेवढं काम मज्जारज्जू एकटा करतो. कुत्र्याने मान वळवली, केकाटला, चावायला आला, तरच ती मेंदूपर्यंत पोचली. नजर तपासायला डोळ्यासमोर हात झपकन नेताना वारा लागू देऊ नका. वाऱ्यानेही पापणी मिटते आणि आंधळा कुत्रा डोळस ठरतो. दहा-बारा आठवड्यांखालच्या पिल्लात ही प्रतिक्रिया नसतेच, ती शिकलेली असते.

तपासणीसाठी मानेतून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायचं तर आधी एमआरआय. कवटीतला दाब वाढलेला असताना सुई घातली तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. नमुन्यातल्या पेशी लवकर फुटतात, म्हणून अर्ध्या-एक तासात मोजा.

मालकाच्या लेखी संमतीने मृत कुत्र्याचा मेंदू मिळाला, तर लगेच हात चालवा. छोटे तुकडे आधी उणे 80 अंशांवर ठेवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये आरएनए खराब होतो. बाकीचा मेंदू काप देऊन दहापट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा; अख्खा बुडवला तर आतून सडू शकतो.

आपल्याकडे फिटच्या झटक्यांमागे डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) खूप दिसतो, आणि रेबीजही तसाच दिसू शकतो. म्हणून स्वतःची रेबीज लस (0, 7 आणि 21 किंवा 28 वा दिवस) पूर्ण झाल्याशिवाय कवटी उघडू नका. करवतीने उडणारे कण डोळ्यांत जातात, तेव्हा हातमोजे, मास्कबरोबर फेसशील्डही हवीच.