अन्नहक्काच्या कामात यायचंय? आधी रेशनच्या रांगेत उभं राहा

गेल्या दोन महिन्यात चार-पाच पोरापोरींनी विचारलं, ताई बीए झालंय, सामाजिक कामात यायचंय, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू की डायरेक्ट एखाद्या संघटनेत येऊ. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातली, धारवाडला एमएसडब्ल्यू केलं आणि आता आठ वर्षं झाली, बायकांच्या संघटनेबरोबर रेशन, अंगणवाडी, शाळेतलं जेवण ह्यावरच काम करते.

कोर्सचं आधी. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं असतं आणि त्यात खरं कामाचं काय असेल तर फील्डवर्क, बाकी थिअरी परीक्षेपुरती लक्षात राहते. आपल्याकडची बरीच पोरं मराठीत सोपं जातं म्हणून कोल्हापूरला जातात, वाईट काहीच नाही त्यात, पण परत येऊन इथंच काम करायचं असेल तर माझं मत धारवाड. कारण एकच, कन्नड. मी मराठी शाळेत शिकलेली, बाजारापुरतं कन्नड यायचं, पण ऑफिसातलं कन्नड वेगळंच असतंय, अर्जी म्हणजे अर्ज, पडितर चीटी म्हणजे रेशन कार्ड, आहार इलाखे म्हणजे अन्न खातं, हे शब्द कानावर पडून पडूनच बसतात. वाचायला लिहायला शिका, सहा महिने लागतील, लागू देत.

आणि नोकरी लागल्या लागल्या मीटिंगा, ट्रेनिंग, रिपोर्ट ह्यात अडकू नका. पहिले तीन महिने रेशन दुकानासमोर उभं राहा, वही घेऊन, आणि लगेच सल्ला द्यायला जाऊ नका. मी जे काय शिकले ते तिथंच.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक आज्जी होती, वाडीवरनं चार किलोमीटर चालत आलेली. मशीनवर अंगठा ठेवला, लाल अक्षरं आली. परत ठेवला, परत तेच. बोटाला थुंकी लावून पदराला पुसून ठेवला, नाहीच. दुकानदार म्हणाला उद्या ये. मी विचारलं काय झालं आज्जी, तर म्हणाली "सर्वर न्हाई म्हणालाय गे, उद्या ये म्हणालाय." मी तिचा हात हातात घेऊन बघितला. अंगठा काळा पडलेला, कातडी सोललेली आणि त्याखाली एकदम गुळगुळीत, रेषा म्हणून नाहीत. शिवेपलीकडं चंदगडला काजू फोडायला जायची ती, टरफलातलं तेल बोटं खातं. म्हणजे प्रॉब्लेम सर्वरचा नव्हताच, आणि उद्या काय, परवा आली असती तरी अंगठा उठलाच नसता. तिसऱ्या महिन्यातली ती फेरी होती तिची. आधीचे दोन महिने सर्वर नाही असं समजून ती गप परत गेलेली.

अंगठा उठला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, दुसरं ओळखपत्र बघून वेगळ्या रजिस्टरात नोंद करून द्यायचं, असं केंद्र सरकारचं पत्र आहे, २४ ऑक्टोबर २०१७ चं. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात संतोषी कुमारी नावाची ११ वर्षांची पोरगी घरात धान्य नसताना गेली आणि देशभर आरडाओरडा झाला, त्यानंतरचं हे पत्र. मी त्याची प्रिंट काढून आज्जीबरोबर परत गेले. दुकानदाराने वाचलं, दोन फोन केले आणि धान्य मोजून दिलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून ते पत्र माझ्या पिशवीत कायम असतंय.

म्हणून कायदा पाठ पाहिजे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कार्डाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला घरटी ३५ किलो, घरातली सगळ्यात मोठी १८ वर्षांवरची बाई कुटुंबप्रमुख, तक्रारीसाठी जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि दुकानाचं सामाजिक लेखापरीक्षण म्हणजे लोकांनीच केलेली तपासणी, एवढं तरी झोपेतनं उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. ह्याच्या वरचं जादा धान्य देणारी जी कर्नाटक सरकारची अन्नभाग्य योजना, ती बदलत राहतेय. २०२३ च्या जुलैपासून जादा ५ किलोच्या बदली माणशी १७० रुपये खात्यात यायचे, मग २०२५ मध्ये परत तांदूळ सुरू झाला. गावात लोकांचा गोंधळ होतो तो इथंच, कायद्याचं कुठलं आणि राज्याचं कुठलं ते वेगळं करून सांगता आलं की अर्धी भांडणं मिटतात.

आपल्या सीमाभागाचं म्हणून एक दुखणं आहे ते पुस्तकात कुठं सापडणार नाही. सोयरिकी सगळ्या शिवेच्या दोन्ही बाजूला. चंदगड-गडहिंग्लजची पोरगी इकडं नांदायला येते, तिचं नाव माहेरच्या महाराष्ट्रातल्या कार्डावर तसंच राहतं, आणि तिकडं कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडं नाव चढत नाही. दाखला आणायला कोण जाणार, एक दिवस मजुरी बुडवून, कडेवर पोर घेऊन? मग ती बाई दोन-दोन वर्षं कुठंच नसते, आणि बाळंतपण नेमकं त्याच काळात येतं. गावात नवी सून आली की पहिल्या महिन्यातच हे विचारा. उलटं गोव्याला कामाला जाणाऱ्यांचं. १ जानेवारी २०२० पासून कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्ही राज्यं एक देश एक रेशन कार्डमध्ये आहेत, आपलं ५ किलो तिथल्या दुकानातही मिळतं, राज्याचं जादाचं तेवढं मिळत नाही. जाणाऱ्या माणसाला हे एसटी पकडायच्या आधी सांगा.

आता भाषेचं. माझा पहिला तक्रार अर्ज मी मराठीत लिहिला होता, एका ऑफिसात तो न वाचताच परत दिला, कन्नडमध्ये आण म्हणून. मी गप घेऊन आले. तीन आठवडे गेले त्यात आणि त्या तीन आठवड्यात सात घरांचं रेशन बुडलं, ते मला अजून लागून आहे. नंतर कळलं की घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. आता आम्ही वर कन्नड आणि खाली मराठी असं दोन्ही लिहितो, कारण अर्ज ज्या बाईचा आहे तिला आपण कशावर सही करतोय ते वाचता आलं पाहिजे. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, शिक्का आणि तारीख बघूनच उठायचं. आणि एक मनापासून सांगते, सीमाप्रश्नावर इथं प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे, पण रांगेत मराठी आणि कन्नड बायका एकाच पिशवीसाठी उभ्या असतात, आमच्या संघटनेत दोन्ही आहेत आणि ऑफिसात जातानाही दोघी मिळूनच जातात.

पुराचं सांगायलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्हीला पूर आला, आम्ही चिकोडीकडच्या एका गावात किट घेऊन गेलो, तांदूळ, डाळ, तेल, मीठ. यादी गावातल्या दोन-तीन पुढाऱ्यांनी दिली आणि मी ती तशीच घेतली. वाटून झाल्यावर एक बाई गाडीजवळ येऊन शांतपणे म्हणाली, ताई तुमच्या यादीत आमची गल्ली न्हाई. गावाच्या खालच्या अंगाची दलित वस्ती, पाणी सगळ्यात आधी तिथंच शिरलेलं. चूक माझी होती. आणि ज्यांना किट मिळालं त्यांच्याकडं चूल पेटवायला एक काटकी वाळकी नव्हती, कच्चा तांदूळ घेऊन करतील काय? दुसऱ्या खेपेला आम्ही कोरड्या भागातल्या गावात निरोप धाडला, बायकांनी घराघरातनं कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती भाकरी आठवडाभर टिकते, पेटवायला काही लागत नाही. त्या खेपेला यादी आम्ही खालच्या गल्लीपासून सुरू केली.

पगाराचं खरं सांगते, सुरुवातीला कमीच असतो, मला वर्षभर घरनं डबा आणि भाडं दोन्ही मागावं लागलं. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या. अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी घरची परिस्थिती बघून फी माफ होते, शिकायचं असेल तर पैसे नाहीत म्हणून अर्जच न करणं असं करू नका.

आणि कधी येऊ असं विचाराल तर पावसाळ्यात या. जुलै-ऑगस्टला घरातलं भात संपत आलेलं असतं, मजुरी बंद, कणकुंबीकडच्या वाड्यांवर गाडी जात नाही, बाळंतीण अंगणवाडीपर्यंत जेवायला जाऊ शकत नाही. गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या मातृपूर्ण योजनेत गरम जेवण अंगणवाडीत बसून खायचं होतं, आणि आपल्यात ओली बाळंतीण घराबाहेर पडत नाही, हे मला कुठल्या कागदावरनं नाही, अशाच एका पावसात घरोघरी गेल्यावर समजलं. त्या दिवसात चालायला छत्री कामाची नाही, रेनकोट आणा, आणि लोकांची कार्डं, दाखले ठेवायला जाड प्लॅस्टिकची पिशवी, दोन.