डच आणि जर्मन ‘बेलन’ : दोन अर्थ वेगळे कसे ठेवावेत

वडोदऱ्यातल्या मराठी घरात वाढलेल्यांना ही अडचण नवी नाही. गुजरातीत ‘मूकवुं’ म्हणजे ठेवणे आणि मराठीत ‘मुकणे’ म्हणजे गमावणे, शाळेतून परतल्यावर “आई, दप्तर कुठे मुकू?” असे विचारणाऱ्या मुलाला हा फरक आईने तिथल्या तिथे शिकवलेला असतो. जर्मन शिकून डचकडे वळणाऱ्याने ‘बेलन’पाशी हाच धडा आठवावा.

जर्मनमध्ये ‘बेलन’ म्हणजे भुंकणे, तर डचमध्ये घंटी वाजवणे आणि त्यावरून फोन करणे. डच माणूस ‘इक बेल ये मॉर्खन’ म्हणतो, तेव्हा तो उद्या फोन करणार असतो. जर्मनमध्ये फोन करण्यासाठी ‘आनरूफन’ वापरावे आणि दारावरच्या घंटीसाठी ‘क्लिंगेल्न’. डच कुत्र्यासाठी ‘ब्लाफन’ हे वेगळे क्रियापद आहे. म्हणूनच ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ ही म्हण दोन्ही भाषांत असली, तरी ‘बेलन’ केवळ जर्मन म्हणीतच येते.

मूळ रूपाचे स्पेलिंग एकच असल्यामुळे अर्थ पाठ करून भागत नाही. रूपे हाताने लिहून काढावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘तो’ या कर्त्याबरोबर दोन्हीकडे उच्चार ‘बेल्ट’ असाच होतो, पण डच लिहिताना एकच एल येतो आणि जर्मन लिहिताना दोन. भूतकाळात डच रूप ‘बेल्डे’ असे डी घेऊन येते व जर्मन रूप ‘बेल्टे’ असे टी घेऊन. मूळ रूपातले दोन एल जर्मन येथेही टिकवते, डच टिकवत नाही. वाचताना भाषा ओळखण्यासाठी एवढी खूण पुरते.

सर्वांत जपावे ते ‘आन’ हा उपसर्ग लागल्यावर. डच ‘आनबेलन’ म्हणजे दारावरची घंटी वाजवणे, जर्मन ‘आनबेलन’ म्हणजे कोणावर तरी भुंकणे. डच उपसर्गात ए दोनदा लिहिला जातो आणि स्वर लांबतो, जर्मनमध्ये तो एकदाच येतो व ऱ्हस्व राहतो. वहीत ही जोडी समोरासमोर लिहावी, प्रत्येकीखाली त्याच भाषेतले पूर्ण वाक्य लिहावे आणि ते मोठ्याने म्हणावे. डचखाली पाहुणा दाराशी उभा असावा, जर्मनखाली कुत्रा.