ट्रायपॉड लावणार असाल, तर कॅमेरा केवढा घ्यायचा?

‘फुल फ्रेम घेतल्याशिवाय काही खरं नाही’ असं, म्हणजे मोठ्या सेन्सरचाच कॅमेरा घ्या, असं सांगणारे दादालोक बडोद्यात प्रत्येक लग्नाच्या मांडवात भेटतात. त्यांच्या कामापुरतं ते बरोबरच आहे. नवरात्रीत गरबा टिपायचा तर शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवून चालत नाही. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरतो, नाचणाऱ्यांना नाही. तिथे जास्त प्रकाश टिपणारा मोठा सेन्सरच हवा.

पण पावागडाच्या पायथ्याच्या चांपानेरची जामी मशीद किंवा बडोद्याच्या सूरसागर तलावाची संध्याकाळ काढायची असेल, तर हिशोबच बदलतो. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, छोट्या मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३. क्षेत्रफळ जेमतेम पाव, म्हणजे दोन स्टॉपचा तोटा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). हातात धरून काढताना तो बोचतो. ट्रायपॉडवर मात्र आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमीत कमी ठेवा, शटर हवं तितका वेळ उघडं ठेवा, नॉइजची, म्हणजे फोटोतल्या दाण्यांची तक्रार बरीचशी मिटते. शिवाय छोट्या सेन्सरला लेन्सचं छिद्र एफ/५.६ वर ठेवून जी खोली (जवळून दूरपर्यंतचा स्पष्ट भाग) मिळते, तिच्यासाठी फुल फ्रेमला आणखी लहान छिद्रावर, एफ/११ वर जावं लागतं. सावल्या उजळताना आणि मोठा प्रिंट काढताना फरक दिसतो, हे मात्र कबूल. घाबरू नका, सुरुवातीच्या कामाचं त्यावाचून काही अडत नाही.

मी फसले ती ट्रायपॉडमध्ये. बॉडीचे ग्रॅम मोजत बसले आणि उरल्यासुरल्या पैशांत काडीसारखे पाय घेतले. फोटो मऊ, म्हणजे धूसर यायचे आणि दोष मी द्यायचे सेन्सरला. तुम्ही हे करून बघाच: लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करा, दूरच्या एखाद्या कोरीव रेषेवर थांबा आणि पायाला टिचकी मारा. रेष थरथरत राहील. ती शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोनाहून जास्त लागले, तर बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो काढणारा टायमर तुमच्या कामाचा नाही, दहाचा लावा. आता मधला दांडा वर काढून पुन्हा टिचकी मारा. फरक बघितलात की तो दांडा परत वर काढणार नाही. जुन्या वाड्यात लाकडी फळ्यांवर उभे असाल तर एक्स्पोजर संपेपर्यंत पाऊलही हलवू नका, आणि कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. डीएसएलआर असेल तर आतला आरसा, म्हणजे मिरर, आधी वर करून घ्या. यातलं काहीही पुढे एडिटिंगमध्ये निस्तरत नाही; सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

वजन करायचं तर सगळ्याचं मिळून करा. बॉडी जड झाली की लेन्स जड, कॅमेरा धरणारं ट्रायपॉडचं हेड जड, पायही जड. पावागड चढताना हे कोणाला समजवावं लागत नाही.

आणखी एक: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. ती न काढता गेलात तर पहारेकरी दारातच अडवेल, मग सेन्सर कुठलाही असो.

पैसे मोजकेच असतील तर जुनी क्रॉप बॉडी, म्हणजे फुल फ्रेमहून छोट्या सेन्सरचा कॅमेरा घ्या, पण पाय दणकट घ्या. दुकानात ट्रायपॉड पूर्ण उघडा, माथ्यावर तळहात दाबून किंचित पिळून बघा. पाय वळले तर तिथेच परत ठेवा, दुकानदार किती का सूट देईना.