पॅकेज टाकलं की सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी का?

रत्नागिरीत एका छोट्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायला लागून मला तीनच महिने झाले होते. उबुंटू लिनक्सच्या मशीनवर आंबा-काजूच्या ऑर्डरची साइट अपाचे या वेब सर्व्हरवर चालायची. शिकायचं म्हणून त्याच मशीनवर मी एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर टाकला. पोर्ट ८०, म्हणजे वेबसाइटची मागणी जिथे येते ते दार, अपाचेकडे होतं आणि ते एका वेळी एकालाच मिळतं, त्यामुळे एनजिनएक्स सुरू झालं नाही. म्हटलं, राहू दे पडून.

जुलैतल्या धुवांधार पावसात रात्री वीज गेली, यूपीएसही संपला. सकाळी मशीन चालू झालं तर साइटच्या जागी ‘इट वर्क्स’ लिहिलेलं अपाचेचं कोरं पान. पान अपाचेचं, म्हणून मी तासभर अपाचेच्याच फायली उसवत बसलो. शेवटी फोनवर दादांनी विचारलं, “८० वर कोण बसलंय ते बघितलंस का?” कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्राम आहे ते दाखवणारी ‘एसएस -टीएलएनपी’ ही कमांड चालवली. एनजिनएक्स! उबुंटूत दोघांचं डीफॉल्ट फोल्डर एकच असतं, म्हणून अपाचेचं पान एनजिनएक्स दाखवत होतं. मशीन बूट होताना एनजिनएक्स आधी उठलं आणि अपाचेला पोर्ट मिळालंच नाही.

इथेच मला कळलं की डेबियन-उबुंटूमध्ये पॅकेज टाकलं की त्यातली सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) बहुधा लगेच सुरू होते, शिवाय बूटसाठी एनेबलही होते, म्हणजे दर वेळी मशीनसोबत आपोआप उठते. फेडोरा आणि रेड हॅट या दुसऱ्या लिनक्समध्ये बहुतेक सर्व्हिस तुम्ही ‘सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ’ म्हणेपर्यंत गप्प असतात. घरच्या लॅपटॉपवर प्रिंटरची सर्व्हिस आपोआप चालू झाली तर सोयच आहे. पण सर्व्हरवर कॉन्फिग (सेटिंगची फाइल) लिहून व्हायच्या आत पोर्ट उघडणं मला अजिबात पटत नाही. फायरवॉल नसेल तर डीफॉल्ट सेटिंगनिशी ती सर्व्हिस तेवढा वेळ बाहेरच्यांसमोर उघडी असते.

नव्याने शिकणाऱ्यांनी डेबियनवर एक सवय लावून घ्या: पॅकेज टाकायच्या आधीच ‘सिस्टिमसीटीएल मास्क एनजिनएक्स’. मास्क म्हणजे सर्व्हिसला कुलूप; अनमास्क करेपर्यंत ती सुरूच होत नाही. सर्व्हिस अजून नाही अशी सूचना येईल, येऊ द्या, मास्क बसतो. काही जण पॉलिसी-आरसी.डी नावाची स्क्रिप्ट ठेवून तिच्यातून १०१, म्हणजे ‘सुरू करायला मनाई’ असा कोड, परत पाठवतात. त्याने इन्स्टॉलच्या वेळची सुरुवात थांबते, पण एनेबल होणं थांबत नाही. म्हणजे पुढच्या वेळी वीज गेली की माझ्यासारखीच गत. मास्क केलं असेल तर कॉन्फिग तपासून अनमास्क करा, मग स्टार्ट, आणि एकदा मुद्दाम मशीन रीबूट करून ‘एसएस’ पुन्हा बघा. हे दुपारी करा, ऑफिसात माणसं असताना.