दबावाखाली करून घेतलेल्या मृत्युपत्राला आव्हान कसं द्यावं

'बाबांनी सगळं धाकट्याच्या नावावर केलं' एवढ्यावर मृत्युपत्र पडत नाही. स्वकष्टार्जित मिळकत माणूस साधारणपणे कुणालाही देऊ शकतो. (वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला हिस्सा. गोव्यात मुलांचा निम्मा वाटा राखीवच असतो.) म्हणून आधी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधलं कलम ६१ बघा. त्याखाली दिलेली उदाहरणं फार बोलकी आहेत. पुढेपुढे करून, गोड बोलून मर्जी संपादली, तरी मृत्युपत्र वैध. पण आजाराने खंगलेल्या माणसाने निव्वळ मागची कटकट थांबावी म्हणून मान तुकवली, तर ते अवैध. तुमचं प्रकरण कशात बसतं?

मग नक्कल काढा. मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर मृत्यूचा दाखला जोडून दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. ती सावकाश वाचा. आयुष्यभर झोकदार सही करणाऱ्याचा अंगठा का? साक्षीदार कुणाच्या ओळखीचे? डॉक्टरचा दाखला नेहमीच्या डॉक्टरांचा की भलत्याच कुणाचा? ज्याला घबाड मिळालं त्यानेच वकील गाठला, साक्षीदार जमवले, गाडी करून ऑफिसात नेलं, असं असेल तर ती संशयास्पद परिस्थिती. असा संशय दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितलं. नुसत्या नोंदणीने तो संशय धुतला जात नाही. दबाव होता हे मात्र तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. त्यामुळे संशयास्पद परिस्थिती आणि दबाव, दोन्ही मुद्दे स्वतंत्रपणे मांडायला वकिलांना सांगा.

कागद लगेच गोळा करा: केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, बँकेचे उतारे, आधीचं मृत्युपत्र. हॉस्पिटलं जुने कागद फार वर्षं ठेवत नाहीत. शेजारी, कामवाल्या मावशी, रात्रपाळीची नर्स यांनी काय पाहिलं ते विचारा. फोन कोण उचलायचं, भेटायला कोण देत नव्हतं, असले तपशीलच कामाला येतात. कैफियतीत 'दबाव टाकला' एवढं मोघम लिहून भागत नाही. कुणी, केव्हा, कसा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार लिहावंच लागतं.

समोरच्याने प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा) अर्ज केला असेल तर त्याच कोर्टात कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका, अशी सूचना) आणि प्रतिज्ञापत्र दाखल करा. मग प्रकरण दाव्यासारखं चालतं. प्रोबेट आधीच मिळालं असेल तर कलम २६३ खाली ते रद्द करायचा अर्ज. प्रोबेटचा विषयच नसेल तर दिवाणी दावा, आणि सोबत विक्रीला मनाई मागा. मृत्युपत्र रद्द करून मागायला मुदत साधारण ३ वर्षांची.

शेतजमीन असेल तर तलाठ्याच्या नोटिशीवर १५ दिवसांत लेखी हरकत घ्या. फेरफाराने (सरकारी नोंदीत नाव बदलल्याने) मालकी ठरत नाही, पण सातबाऱ्यावर नाव लागलं की गिऱ्हाईक लगेच येतं.

खटल्यात मृत्युपत्रावर सही केलेल्या किमान एका साक्षीदाराला पिंजऱ्यात यावंच लागतं. त्या वेळी खोलीत कोण होतं, वाचून कुणी दाखवलं, आधी सही कुणाची, हे उलटतपासात विचारून घ्यावं.

कोर्ट फी भरण्याआधी एक बघा. हे मृत्युपत्र पडलं तर आधीचं लागू होऊ शकतं, आणि त्यातही तुमचं नाव नसेल तर जिंकूनही हाती काही येत नाही.