टाइमकोडवर व्हिडिओ चालवायला शिकताना

मीडिया सर्व्हरच्या (शोमधे स्क्रीनवरचे व्हिडिओ चालवणारा कॉम्प्युटर) कामात नवीन आलेली मुलं विचारतात की टाइमकोड (गाणं आणि व्हिडिओ जुळून चालावेत म्हणून दिलेला वेळेचा सिग्नल) कुठून शिकायचा, तर मी सांगते सॉफ्टवेअर राहू दे, आधी एलटीसी, म्हणजे आवाजाच्या रूपातला टाइमकोड, एकदा हेडफोनवर ऐक. किर्रर्र असा आवाज येतो, तो साधा ऑडिओच आहे, एका फ्रेमला 80 बिट, आणि त्यात मुख्य म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेम एवढा पत्ता असतो. गाणं ज्या लॅपटॉपवरून वाजतं तिथेच वेगळ्या आउटपुटवर हा ट्रॅक असतो, साउंडवाले ती लाइन आपल्याला देतात आणि सर्व्हर पत्ता वाचून व्हिडिओ त्या जागी नेतो, बस.

मला हे नीट कळलं ते एका लग्नाच्या संगीतच्या रिहर्सलला. चार मिनिटांचं गाणं, मागे एलईडी वॉलवर नवरा-नवरीने ओठ हलवलेला व्हिडिओ, सुरुवात एकदम चोख आणि शेवटच्या कडव्याला ओठ मागे. मी ऑफसेट दिला (सगळा व्हिडिओ ठराविक फ्रेमनी सरकवला) तर शेवट जुळला पण सुरुवात बिघडली, अर्धा तास त्यातच गेला. मग आमच्या सिनियर दादांनी एकच विचारलं, फरक तेवढाच राहतोय का वाढत चाललाय?

वाढत होता. टाइमकोडचा ट्रॅक सेकंदाला 29.97 फ्रेमचा आणि सर्व्हर 30 वर. हजार फ्रेमला एक फ्रेम मागे, म्हणजे चार मिनिटांत जवळजवळ पाव सेकंद, आणि गाण्यात पाव सेकंद कोणालाही दिसतो. सर्व्हर 29.97 केला, ऑफसेट शून्य केला, जुळलं. तेव्हापासून कुठेही गेले की आधी साउंड आणि लाइटवाल्यांना फ्रेम रेट विचारते (लाइटचा डेस्क पण बऱ्याचदा त्याच टाइमकोडवर असतो), आपल्याकडे शक्यतो 25 ठरवून टाका. आणि 29.97 आलाच तर ड्रॉप की नॉन-ड्रॉप तेही विचारा. ड्रॉपमधे चित्राच्या फ्रेम जात नाहीत हं, फक्त नंबर गाळतात, दर मिनिटाला 2, दर दहावं मिनिट सोडून.

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर मात्र ऑफसेटच द्यायचा. सर्व्हर, एलईडी प्रोसेसर यांच्यात एक-दोन फ्रेम सहज जातात, 25 वर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. पण हे लांब कन्सोलपाशी उभं राहून ठरवू नका, 34 मीटरवर आवाजच 100 मिलिसेकंद उशिरा पोचतो, मग तुम्ही बरोबर असलेला व्हिडिओ मागे ढकलाल. स्टेजजवळ जा, टाळी आणि फ्लॅशचा छोटा व्हिडिओ लावा, मोबाइलवर स्लो मोशनमधे शूट करून बघा.

सिग्नलचं थोडक्यात: ट्रॅक वेव्ह फाइलच ठेवा, एमपीथ्री नको, त्या चॅनलवर ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब काही नको आणि विंडोजमधले ऑडिओ एनहान्समेंट बंद. लेव्हल मध्यम, क्लिप होऊ द्यायची नाही (म्हणजे आवाज फाटेल इतकी वाढवायची नाही).

व्हिडिओ नेहमीच्या एच264 मधे ठेवू नका, डीएक्सव्ही किंवा हॅप या फॉरमॅटमधे करून घ्या. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते म्हणून मधेच उडी मारली तरी सर्व्हर अडखळत नाही, आणि रिहर्सलला उड्या असतातच, कोरिओग्राफर म्हणणार दुसऱ्या अंतऱ्यापासून घ्या. म्हणूनच प्रत्येक गाण्याला वेगळा तास द्या, पहिलं 01:00:00:00 ला, दुसरं 02:00:00:00 ला, म्हणजे गाण्यांचा क्रम बदलला तरी काही हलवावं लागत नाही.

घरी सराव करायचा तर रेझोल्यूम अरीना या मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरचा डेमो घ्या (त्यांच्याच अव्हेन्यू या छोट्या आवृत्तीत टाइमकोड नाहीये), वर लोगो येतो पण शिकायला चालतं. एक साउंड कार्ड, एलटीसीची एक वेव्ह फाइल आणि फ्रेमचे नंबर दिसतील असा स्वतः बनवलेला व्हिडिओ. आधी बरोबर लावा, मग मुद्दाम फ्रेम रेट चुकवा आणि दहा मिनिटं नंबर कसे सरकतात ते बघत बसा.